फडाचे पाणी आणि गावाचा एकोपा

॥ श्री महादेव प्रसन्न ॥



श्रीमहादेवाच्या मंदिराचा जीर्णोद्धार आपणा सर्वांच्या सहकार्याने पार पडत आहे. या मंगलप्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेत गावाच्या जुन्या इतिहासाविषयी काही लिहावे अशी समितीने आज्ञा केली. प्रस्तुत लेखक कोणी इतिहासकार नव्हे, तालुका कचेरीत दप्तर सांभाळणारा एक साधा कारकून आहे. परंतु देवळाच्या घाटाखाली पांझरेच्या पात्रात जो दगडी बंधारा पडून आहे, त्याचा इतिहास देवळाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही असे वाटते. म्हणून त्याविषयीच चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

आपला मुलूख कमी पावसाचा. पश्चिमेस सह्याद्रीच्या डोंगरात पाऊस भरपूर पडतो. पण डोंगर उतरून पूर्वेकडे आले की तो आटतो. धुळ्याच्या आसपास वर्षाकाठी सुमारे ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. एका पंधरवड्यात धो धो पडेल आणि पुढे महिनाभर तोंड दाखविणार नाही. अशा ठिकाणी नुसत्या आभाळावर भरवसा ठेवून बाजरीखेरीज फारसे काही पिकले नसते. तरीही आपल्या वाडवडिलांनी या भूमीत गहू, भात आणि ऊस पिकविला. तो कशाच्या बळावर? तर फड पद्धतीच्या बळावर.

फड पद्धत ही धुळे आणि नाशिक या दोन जिल्ह्यांची खास देणगी होय. साक्री तालुक्यातील पांझरा व कान, बागलाणातील मोसम व आरम या नद्यांवर ती विशेषेकरून आढळते. तिचे वय जाणकार सुमारे ३०० ते ४०० वर्षे मानतात. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेश गॅझेटियरमध्येही या भागातील बंधाऱ्यांची दखल घेतलेली आहे. म्हणजे इंग्रजांनी मोठमोठी धरणे बांधण्याच्या कितीतरी आधी आपले लोक पाण्याच्या कामात तरबेज होते.

नव्या पिढीच्या माहितीकरिता या पद्धतीची रचना थोडक्यात सांगतो. डोंगरातले झरे पावसाळ्यानंतरही कित्येक महिने नदीला पाणी पुरवीत. या वाहत्या पाण्याला नदीत आडवा बंधारा घालून ते अडवायचे, थोडे उंच उठवायचे आणि बाजूच्या पाटात वळवायचे. हा बंधारा पाणी साठविण्यासाठी नसून वळविण्यासाठी असतो, हे ध्यानात ठेवावे. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग आणि सारंगातून शेतात, असा पाण्याचा प्रवास. पाटात जास्त झालेले पाणी सांडमावाटे परत नदीला मिळे, आणि खालच्या गावचा बंधारा ते पुन्हा उचलून घेई. एकाच नदीवर एकाखाली एक असे बंधारे होते. वरच्या गावाचे सांडलेले पाणी खालच्या गावाचे भाग्य ठरे. एक थेंबही वाया जात नसे.

पाटाखालच्या जमिनीचे मोठमोठे भाग पाडलेले असत. त्या एकेका भागास फड म्हणतात. लहान फड पंचवीस-तीस एकरांचा, तर मोठा चार-पाचशे एकरांचाही असे. साधारणपणे एका बंधाऱ्याखाली तीन किंवा चार फड. खरी मौज पुढेच आहे. एका फडात एका वर्षी सर्वांनी एकच पीक घ्यायचे. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू किंवा हरभरा, तिसऱ्यात भात; आणि पुढच्या वर्षी ही पिके फडाफडांतून फिरवायची. बहुतेक शेतकऱ्यांच्या जमिनीच्या पट्ट्या सगळ्या फडांत विभागलेल्या असत. त्यामुळे उसाचा लाभ एकट्याला आणि कोरडवाहूचा तोटा दुसऱ्याला, असे होत नसे. फेरपालटामुळे जमिनीलाही विसावा मिळे. सदा पाणी पिऊन जमिनी खारावण्याचे व चिबडण्याचे संकट, जे पुढे कित्येक नव्या कालव्यांखाली आले, ते फडात सहसा येत नसे.

हे सर्व ठरे अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला. त्या दिवशी लाभधारक शेतकरी एकत्र बसत. येत्या वर्षी कोणत्या फडात कोणते पीक, नदीला पाणी किती दिवस टिकेल, किती क्षेत्र भिजवायचे, पाट केव्हा साफ करायचा, हे तेथे ठरे. पाट साफ करण्यास प्रत्येकाने आपल्या जमिनीच्या प्रमाणात माणसे द्यायची. पाणी कमी दिसले तर क्षेत्र सर्वांचेच कमी व्हायचे.

हे नियम पाळून घेण्याकरिता माणसे नेमलेली असत. देखरेखीला हवालदार, पिकाच्या राखणीला जागल्या आणि पाणी भरण्यास पाटकरी. यांचा मोबदला बहुधा धान्याच्या रूपाने मिळे. शेतकऱ्याने स्वतःच्या शेताला स्वतः पाणी भरायचे नाही, हा या पद्धतीचा प्राण होय. पाटकरी फडाच्या एका टोकापासून सुरुवात करी आणि क्रमाने शेते भिजवीत दुसऱ्या टोकापर्यंत जाई. तेथे श्रीमंत-गरीब नाही, भाऊबंद-परका नाही. रात्रंदिवस पाणी चालू असे आणि पाळी येईल तेव्हाच बारे उघडे.

प्रस्तुत लेखकाचे आजोबा या गावचे पाटकरी होते. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास नदीची धार बोटभर उरली होती. पाणी फडाच्या वरच्या टोकाकडून येत होते आणि आमचे शेत अगदी शेवटी. घरातील माणसे त्यांना म्हणाली, रात्री कोण पाहतो, दोन घटका बारे आपल्याकडे फिरवा. आजोबांनी उत्तर दिले, "पाणी फिरवलं तर पीक वाचेल, पण उद्या फावडं खांद्यावर टाकून गावातून कसा जाऊ?" त्या वर्षी आमचा गहू वाळला. पण पुढे ते असेपर्यंत गावात पाण्यावरून एकही भांडण कचेरीपर्यंत गेले नाही. ही हकीकत वडिलांनी आम्हांस अनेकदा सांगितली आहे. येथे सांगण्याचे कारण घरची थोरवी नव्हे. बंधारा दगडचुन्याचा असला तरी पद्धत अशा माणसांवर उभी होती, एवढेच सुचवावयाचे आहे.

मोठमोठ्या तज्ज्ञांनाही पाण्याचा हा धर्म पुढे मान्य करावा लागला. भारतरत्न सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागले, तेव्हा तरुण वयात त्यांनी आपल्या खानदेशात पांझरेच्या पाटावर नळाचा सायफन बांधण्याचे काम केले होते. त्याच विश्वेश्वरय्यांनी १८९९ च्या सुमारास दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत सुचविली. पाणी थोड्या गावांनी उसासाठी ओढून न घेता अनेक गावांत वाटले जावे, भिजणारी जमीन गटागटाने असावी आणि पिकांचा फेरपालट व्हावा, असा तिचा आशय. आपल्या फडाशी तिचे किती साम्य आहे, हे वाचकांनीच पाहावे.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात नायगाव येथे श्री. विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचे कार्य उभे केले. तेथे पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातील माणसांच्या संख्येवर दिले. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही पाण्यात वाटा ठेवला आणि उसाला मनाई केली. पुढे नाशिक जिल्ह्यात ओझर भागात वाघाड धरणाखालील शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढून पाण्याचा कारभार आपल्या हाती घेतला. २००५ साली तर महाराष्ट्र शासनाने सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन व्हावे म्हणून स्वतंत्र कायदाच केला. जे आपल्या आजोबा-पणजोबांनी आखाजीच्या बैठकीत तोंडी चालविले, ते आता कायद्याच्या पुस्तकात आले आहे.

मग आपला फड का मोडला? याचे उत्तर देताना एकट्या कोणाला दोष देता येणार नाही. नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली आणि नदीचे बारमाही वाहणे बदलले. विहिरी झाल्या, विजेचे पंप आले. ज्याची विहीर त्याचे पाणी असे झाल्यावर पाटाची गरज वाटेनाशी झाली. ज्याला पाटाची गरज नाही तो पाट साफ करण्यास माणूस कशास देईल? पाटकऱ्याचे धान्य थकले, तेव्हा त्याने फावडे ठेवून दिले. पाट गाळाने भरला, बंधाऱ्याचे दगड निखळले, नदीतील वाळू गेली. वाळू गेली तसे नदीकाठच्या विहिरींचे पाणीही खोल गेले. ज्या विहिरीच्या जोरावर आपण पाट सोडला, ती विहीर पाटाच्या आणि नदीच्या झिरप्यावरच जगत होती, हे आपल्या उशिरा ध्यानी आले.

जुन्या महसुली कागदांत जमिनीपुढे "पाटस्थळ" आणि "मोटस्थळ" असे शब्द असत. पाटाच्या पाण्याची ती पाटस्थळ, विहिरीच्या मोटेची ती मोटस्थळ. आपल्या गावच्या जुन्या उताऱ्यांत पाटस्थळ जमीन कितीतरी आहे. आज त्याच जमिनीच्या मालकास चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहताना पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. कागदावरचे पाणी शेतात येत नाही. ते आणावे लागते.

असो. हा लेख मंदिराच्या स्मरणिकेत का, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे. या जीर्णोद्धारासाठी गावातील प्रत्येक घराने वर्गणी दिली. मुंबई, सुरत, नाशिककडे पोटापाण्यासाठी गेलेल्या आपल्या माणसांनी उदार हस्ते देणग्या पाठविल्या. ज्यांना पैसा देणे शक्य नव्हते त्यांनी श्रमदान केले. हिशेबाची वही देवळात सर्वांसमोर वाचली जाते आणि एका पैशावरून वाद झाला नाही. चाळीस वर्षे ज्या गावाला पाटाचा गाळ काढण्यास एकत्र येता आले नाही, तेच गाव देवासाठी एक झाले. गाव करील ते राव करील काय, ही म्हण आपण खरी करून दाखविली आहे.

म्हणून समितीस व समस्त ग्रामस्थांस नम्र विनंती अशी की, कलशारोहणानंतर ही समिती व ही वही बंद करू नये. येत्या आखाजीला देवळाच्या नव्या सभामंडपात पूर्वीसारखी बैठक भरवावी. पहिल्या वर्षी केवळ बंधाऱ्यापासून पहिल्या चारीपर्यंतचा पाट साफ करावा. दुसऱ्या वर्षी बंधाऱ्याच्या दुरुस्तीकरिता पाणीवापर संस्था नोंदवून रीतसर अर्ज करावा. कागदपत्रांचे काम प्रस्तुत लेखक आनंदाने व विनामोबदला करून देईल. जुना फड जसाच्या तसा परत येईल असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु पाट वाहिला तर विहिरींना झिरपा मिळेल, आणि वर्षातून एकदा एकत्र बसून पाण्याचा हिशेब करण्याची सवय लागेल. ती सवयच खरा फड होय.

आपल्या महादेवाच्या पिंडीवर गळती टांगलेली असते. तिच्यातून थेंब थेंब पाणी पडते, म्हणूनच एका तांब्यात दिवसभर अभिषेक चालतो. एकदम ओतले तर क्षणात संपेल. देवाने आपल्याला पाणी कसे वापरावे हे रोज डोळ्यांसमोर ठेवले आहे. ते पाहण्याची बुद्धी तो आपणा सर्वांस देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

इति लेखनसीमा.