वात (भांड्यातील मेणबत्तीची) : जाडीची पारख, यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भासह

काच, पत्रा किंवा चिनी मातीच्या भांड्यात मेण ओतून त्यातच जाळायच्या मेणबत्तीसाठी योग्य जाडीची वात ठरवण्याची रीत. सुट्या उभ्या मेणबत्तीचे वितळलेले मेण ओघळून जाऊ शकते, भांड्यातल्या मेणाला तशी वाट नसते. म्हणून ज्योतीने किती मेण वितळवायचे, त्यातले किती वर ओढायचे आणि भांड्याची कड किती तापू द्यायची, हे सारे वातीच्या जाडीवर येऊन ठरते. वात बारीक पडली तर ज्योतीभोवती खड्डा होतो, कडेचे मेण तसेच उरते आणि शेवटी वात स्वतःच्याच मेणात बुडून विझते. ती जाड झाली तर ज्योत लांबते, काजळी धरते आणि काच तापून तडकू शकते. व्यासानुसार वात सुचवणाऱ्या तक्त्यांवरून सुरुवात कुठून करावी एवढेच कळते. पुढचे जाळूनच पाहावे लागते.

समईची वात आणि मेणबत्तीची वात
समईची वात माणूस सांभाळतो. ती सारतो, काजळी झाडतो, तेल घालतो. ज्योत मंदावली की वात थोडी पुढे घेतो, भडकली की मागे. कंदिलात हेच काम चक्रीने वात चढवून-उतरवून होते. भांड्यातल्या मेणबत्तीत मेण एकदा ओतले की वातीत काही बदलता येत नाही, वरचे टोक कापता येते एवढेच. सगळा निर्णय ओतण्याआधीच झालेला असावा लागतो, आणि जाडीच्या चाचणीची गरज इथूनच उत्पन्न होते. वाती वळण्यात हात बसलेल्या बायका मेणबत्त्यांचा व्यवसाय सुरू करतात तेव्हा पहिला घोळ याच ठिकाणी होतो. पिळाची वात मेणात उभी राहते, पण तिचे टोक ज्योतीच्या मधोमधच राहते. तिथे प्राणवायू पुरेसा पोचत नाही, म्हणून टोक जळून न जाता त्यावर काजळीची गाठ वाढत जाते.

हा दोष विणीच्या वातीने दूर झाला. १८२५ मध्ये फ्रान्समध्ये कांबासेरे याने वेणीसारखी गुंफलेली वात आणली. ती जळताना एका बाजूस वाकते, तिचे टोक ज्योतीच्या बाहेरच्या उष्ण थरात येते आणि राख होऊन गळते. त्याआधी मेणबत्तीची काजळी कात्रीने वरचेवर छाटावी लागे. मेण वातीतून केशाकर्षणाने वर चढते, तापून त्याची वाफ होते आणि जळते ती ही वाफ. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेने १८६०-६१ च्या नाताळातील मुलांसाठीच्या व्याख्यानमालेत हे प्रयोगांसह दाखवले. जाडीच्या चाचणीमागचे बहुतेक तत्त्व त्या व्याख्यानांत आहे.

कापूस
यवतमाळ हा वऱ्हाडातील कापसाच्या काळ्या जमिनीचा जिल्हा. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६४ मध्ये स्थापन झालेला वणी जिल्हा १९०५ पासून यवतमाळ या नावाने ओळखला जाऊ लागला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वर्षांत (१८६१–६५) तिथल्या कापसाची आवक घटल्याने मँचेस्टरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे नजर वळवली. पुढे मूर्तिजापूर–यवतमाळ ही ‘शकुंतला’ नावाने परिचित अरुंद मापाची रेल्वे कापूस वाहण्यासाठीच घातली गेली. इंग्रजकालीन गॅझेटियरांत इथल्या देशी कापसाच्या दोन जातींचा वारंवार उल्लेख येतो. बनी ही लांब, तलम धाग्याची आणि जरी ही आखूड, राठ धाग्याची. जरीला रुईचा उतारा अधिक आणि ती लवकर हाती येई, म्हणून तिने बनीला हळूहळू मागे सारले. व्यापाऱ्यांनी त्याबद्दल खेद केला, शेतकऱ्याचा हिशेब मात्र चुकीचा नव्हता.

वातीच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. देशी कापसाचा आखूड, जाड तंतू द्रव भराभर शोषतो. शस्त्रक्रियेच्या कापसासाठी त्याला पसंती मिळते ती याच गुणामुळे. फुलवात, समईची लांब वात, त्रिपुरी पौर्णिमेला अनेक घरी जाळली जाणारी साडेसातशे पदरांची त्रिपुरवात, लक्षवाती, या सर्वांना तो उत्तम. आज शेतात जवळजवळ सर्वत्र अमेरिकन जातीचे संकरित बीटी वाण आहे (भारतात व्यापारी लागवडीस परवानगी २००२). त्याचा तंतू लांब आणि बळकट असतो, तो विणीच्या वातीला लागणाऱ्या सुतास योग्य ठरतो. देवळाशेजारी किंवा परसात राखलेल्या देवकापशीचा कापूस वातींसाठी आणि जानव्यासाठी वेगळा वेचून ठेवण्याची चाल काही घरांत अजून आहे. देवकापूस म्हणून ओळखली जाणारी सर्व झाडे एकाच जातीची नसावीत.

कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. त्यामुळे सरकी काढलेली कच्ची रुई पाण्यावर तरंगते, तेल आणि वितळलेले मेण मात्र सहज धरते. म्हणून घरच्या वातीसाठी रुई धुऊन पांढरी करण्याची गरज नाही. कचरा, कवडी आणि सरकीचे तुकडे मात्र काढावेत, कारण जळताना असा कण निखाऱ्यासारखा वितळलेल्या मेणात पडतो.

वात तयार करणे
सुताचे पदर तीन भागांत वाटून घट्ट, एकसारखी वेणी घालतात. पाव लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे टाकणखार आणि एक मोठा चमचा मीठ विरघळवून त्यात वात दिवसभर भिजत ठेवतात, नंतर पूर्ण कोरडी होईपर्यंत टांगतात. टाकणखारामुळे राख वितळून गळते आणि ज्योत विझवल्यावर वात धुमसत राहत नाही. शेवटी वात वितळलेल्या मेणात बुडवतात. बुडबुडे थांबले की तंतूंतली हवा निघून गेली असे समजून ती ताणून सरळ वाळवतात. या मेणावलेल्या वातीशिवाय केलेली चाचणी ग्राह्य धरू नये.

मापन
बाजारातील वाती मालिकेच्या नावाने आणि क्रमांकाने विकल्या जातात (सीडी, इको, एचटीपी इत्यादी). एका मालिकेचा क्रमांक दुसरीला लागू पडत नाही. घरी विणलेल्या वातीला सूत किती नंबरी आणि पदर किती, एवढी दोन मापे पुरतात. सूत तेच ठेवून फक्त पदर बदलले तरच पायऱ्यांची तुलना होते. सुताचा नंबर वाढला की सूत बारीक होते, ही गोष्ट नवख्यांना उलटी वाटते.

चाचणीची रीत
भांड्याचा आतला व्यास आधी मोजावा. वातीची जाडी ठरते ती व्यासावर, मेणाच्या वजनावर नव्हे. उंच अरुंद पेल्यात आणि बुटक्या अरुंद वाटीत व्यास सारखा असेल तर सुरुवात एकाच वातीने करता येते. निमुळत्या भांड्याचे वरचे आणि खालचे असे दोन्ही व्यास लिहून ठेवावेत.

एकाच घाण्याच्या मेणाने तीन सारखी भांडी भरावीत. मधल्यात अंदाजाची वात, उरलेल्या दोहोंत एकेक पायरी बारीक आणि जाड. भांड्याच्या बुडाशी वातीचा क्रमांक, मेण, सुगंधी तेलाचे प्रमाण आणि तारीख लिहावी. पॅराफिन मेणाला एक-दोन दिवस आणि सोया मेणाला एक ते दोन आठवडे मुरू द्यावे. आदल्या दिवशी ओतलेल्या सोया मेणबत्तीची चाचणी फसवी निघते. सोया मेण पुढेही घट्ट होत राहते आणि आज पुरलेली वात पंधरवड्याने अपुरी ठरते.

पेटवण्यापूर्वी वात ६ मिलिमीटरवर कापावी. पंखा बंद हवा. वाऱ्याने ज्योत एका बाजूला झुकते, त्या बाजूची काच तापते, दुसरीकडचे मेण तसेच राहते आणि दोष वातीच्या माथी येतो. दर फेरा चार तासांचा. दर तासाला वितळलेल्या मेणाची रुंदी, काडी बुडवून त्याची खोली, ज्योतीची उंची, टोकावरची गाठ आणि काचेवरचा काळा डाग यांची नोंद करावी. वितळलेले मेण साधारण दर तासाला अडीच सेंटिमीटर व्यासाने पसरते, म्हणजे साडेसात सेंटिमीटरच्या पेल्यात कडेपर्यंत पोचायला सुमारे तीन तास. खोली ६ ते १२ मिलिमीटरच्या दरम्यान असावी. फेरा संपला की भांडे पूर्ण थंड होऊ द्यावे, वजन करावे, वात पुन्हा कापावी आणि पुढचा फेरा घ्यावा.

वजनातील घट भागिले तास हा जळण्याचा दर. घरगुती भांड्यांत तो बहुधा ताशी ३ ते ७ ग्रॅम येतो. ताशी ५ ग्रॅम पॅराफिन जळणे म्हणजे सुमारे ६० वॅट उष्णता, आणि ती एका पेल्याच्या तोंडाशी एकवटलेली. २०० ग्रॅम मेण या दराने ४० तास पुरते, म्हणजे एका वातीची पूर्ण चाचणी चार-चार तासांच्या दहा फेऱ्यांची होते. इतका धीर राहत नाही म्हणून पुष्कळजण पहिल्या दोन फेऱ्यांवरच निकाल देतात. ही सर्वांत मोठी चूक आहे. भांडे अर्धे रिकामे झाल्यावर ज्योत भिंतींच्या आत उतरते, उष्णता कोंडते आणि वरच्या भागात बरोबर वाटलेली वात खाली जाड ठरते. म्हणून पहिल्या फेऱ्यात कडेला थोडे मेण उरले तरी ती वात बाद करू नये. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्यात ते मेण वितळून खाली येते. पहिल्याच तासात कडेपर्यंत पोचणारी वात मात्र बहुधा शेवटाला धोक्याची होते. तळाशी १२ मिलिमीटर मेण उरले की चाचणी थांबवावी.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सुगंधी तेलाचे प्रमाण ६ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर नेले किंवा रंग गडद केला तर जुनी वात अपुरी पडू शकते, कारण जड तेल आणि रंगाचे कण तंतूंतली वाट अडवतात. लव्हेंडरला पुरलेली वात व्हॅनिलाला पुरेलच असे नाही. प्रत्येक गंधासाठी चाचणी नव्याने करावी लागते.

हवामान
मे महिन्यात यवतमाळचा पारा ४४–४५ अंश सेल्सिअसपर्यंत जातो, थंडीत रात्री १० अंशांच्या आसपास उतरतो. परदेशी तक्ते विशीतल्या तापमानाच्या खोलीसाठी केलेले असतात. ४० अंशांच्या खोलीत मेण आधीच वितळबिंदूच्या जवळ असते, त्यामुळे जानेवारीत निवडलेली वात मेमध्ये जाड ठरते. दोन्ही ऋतूंत चाचणी करावी. ते जमत नसेल तर उन्हाळ्याची चाचणी प्रमाण मानावी, कारण हिवाळ्यातली चूक मेण वाया घालवते आणि उन्हाळ्यातली काच फोडते.

मेण
पॅराफिनचा वितळबिंदू साधारण ५२–६० अंश, भांड्यासाठीच्या सोया मेणाचा त्याहून कमी, मधमाश्यांच्या मेणाचा ६२–६४ अंश. टिनाच्या घरात ठेवलेली निव्वळ सोया मेणबत्ती उन्हाळ्यात वरून ओलसर होते. तिथे वरच्या वितळबिंदूचे पॅराफिन मिसळणे व्यवहार्य आहे. मिश्रण बदलले की वातही पुन्हा तपासावी. सोया मेण १९९० च्या दशकात अमेरिकेत प्रचारात आले. ते सोयाबीनच्या तेलात हायड्रोजन मिसळवून घट्ट केलेले असते. यवतमाळात कापसाच्या जोडीला सोयाबीनही मोठ्या क्षेत्रावर होते, म्हणजे वात आणि मेण या दोहोंचा कच्चा माल एकाच शेतात पिकतो. पॅराफिनपेक्षा सोया कमी धूर करते की नाही याबाबत एकमत नाही. वातीची जाडी चुकली तर दोन्ही काजळी धरतात.

भांडे
जाड बुडाची, उष्णता सोसणारी काच उत्तम. चहाचे पातळ ग्लास टाळावेत. झिलई नसलेली मातीची पणती किंवा कुल्हड मेण शोषून घेते आणि कडच वातीसारखी पेट घेऊ शकते. करवंटी स्वतः जळाऊ आहे, शिवाय तिचा व्यास सगळीकडे सारखा नसतो. नऊ सेंटिमीटरपेक्षा रुंद भांड्यात एका जाड वातीऐवजी दोन बारीक वाती बऱ्या. त्यांच्यातील अंतराबद्दल निरनिराळी मते आढळतात.

धातूचा गाभा
वात ताठ राहावी म्हणून काही वातींत जस्ताची तार असते. शिशाची तार असलेल्या वातींवर अमेरिकेने २००३ मध्ये बंदी घातली. घरच्या कामात धातूची गरज पडत नाही.

लाकडी वात
वरील मापे तिला लागू नाहीत.

धोके
मेण थेट आचेवर वितळवू नये, पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे. पेटलेल्या मेणावर पाणी टाकू नये, ते उसळते. झाकण घालून विझवावे. चाचणी चालू असताना घर सोडून जाऊ नये.

व्यवहार
मेणबत्ती हा बराच काळ लघुउद्योगासाठी राखीव माल होता. एप्रिल २०१५ मध्ये उरलेल्या वीस वस्तूंचे आरक्षण उठले, त्यांत ती होती. महाराष्ट्रात महाबळेश्वर येथील भावेश भाटिया या अंध उद्योजकांचा ‘सनराइज कॅन्डल्स’ हा उद्योग सर्वपरिचित आहे. यवतमाळ जिल्ह्यातील महिला बचत गटांना दिवाळीत मेणाच्या पणत्या आणि सुगंधी पेले विकता येतात, पण गटात दहा घरे असली की वात दहा हातांची होते. वळणाऱ्या हाताच्या ताणाने वेणी सैल-घट्ट होते आणि पदर तेवढेच असूनही वात वेगळी जळते. म्हणून गटाने वात एकाच ठिकाणी विणावी, दर घाण्यातील एक भांडे शेवटपर्यंत जाळावे, त्याचा तक्ता वहीत ठेवावा आणि विकायच्या प्रत्येक पेल्याखाली घाण्याचा क्रमांक लिहावा. गिऱ्हाइकासाठीच्या चिठ्ठीत तीन सूचना पुरतात. दर वेळी वात ६ मिलिमीटरवर कापावी, सलग चार तासांपेक्षा जास्त जाळू नये, तळाशी बोटभर मेण उरले की पेला बाजूला ठेवावा.