सरकार पक्षाचा पुरावा आणि आरोपीचा हक्क : एक ऐतिहासिक आढावा

खटल्यापूर्वी आरोपीला आपल्याविरुद्धचा पुरावा कळावा, हे तत्त्व आज स्वाभाविक वाटते. तथापि भारतात ते टप्प्याटप्प्याने रुजले. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६२ नुसार पोलिसांनी नोंदविलेल्या जबाबाची नक्कल देणे न्यायालयाच्या विवेकाधीन होते. १९२३ च्या दुरुस्तीने आरोपीच्या विनंतीवरून नक्कल देणे आवश्यक ठरले. मात्र साक्षीदार न्यायालयात आल्यावरच ही विनंती करता येई. परिणामी ऐन उलटतपासणीच्या वेळी बचाव उभा करावा लागे. १९४७ मध्ये पुलुकुरी कोटय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनेही या हक्काचे मोल मान्य केले.

स्वातंत्र्योत्तर काळात १९५५ च्या दुरुस्तीने खटल्यापूर्वीच नकला विनामूल्य देण्याचे कर्तव्य पोलिसांवर सोपविले. १९७३ च्या संहितेच्या कलम २०७ ने ते न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दिले. कागदपत्रे विपुल असल्यास आरोपीने स्वतः वा वकिलामार्फत ती न्यायालयात पाहावीत, अशी तरतूद केली. २०१९ मध्ये पी. गोपालकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मेमरी कार्डमधील मजकूर दस्तऐवज ठरविला. परंतु पीडितेच्या खाजगीपणासाठी प्रत न देता केवळ पाहणीस अनुमती दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० ने नकलांसाठी चौदा दिवसांची मर्यादा घातली.

सारांश, आरोपीच्या विनंतीचे रूपांतर शासनसंस्थेच्या कर्तव्यात झाले. तरीही निरक्षर आरोपीच्या हाती पडलेली नक्कल वाचून समजावणारा वकील नसेल, तर हा हक्क कागदावरच राहतो.