दारू सुटली ती कशाने?

एकदा समाज प्यायला लागला की मागे येत नाही, असं आपण सहज म्हणून जातो. इतिहास मात्र वेगळं सांगतो. अमेरिकेचंच बघा.

1830 च्या सुमारास तिथला प्रौढ माणूस वर्षाला सरासरी 26 लिटरच्या आसपास शुद्ध मद्यार्क रिचवत असे. डोंगरापलीकडच्या शेतकऱ्याला मका बाजारापर्यंत वाहून नेणं परवडत नसे; त्याचीच व्हिस्की केली की पिंपातून सहज जाई. ती इतकी स्वस्त, की चहा-कॉफी महाग वाटावी. मजुरालाही कामाच्या मध्येच घोट मिळे. पण पुढच्या पंधरा वर्षांत हे प्रमाण निम्म्याहून खाली आलं, आणि तेव्हा देशभर दारूबंदीचा कायदाही नव्हता!

मग झालं काय? 1826 मध्ये बोस्टनला मद्यपानाविरुद्ध संस्था निघाली. गावोगाव लोक सही करून न पिण्याची शपथ घेऊ लागले. आपल्याकडे मुनीमहाराजांसमोर नियम घेतात ना, तसंच. चारचौघांत घेतलेला नियम मोडायला माणूस कचरतो. 1840 मध्ये तर बाल्टिमोरच्या सहा पिणाऱ्यांनीच एकमेकांच्या आधाराने दारू सोडली आणि इतरांना हात दिला. यंत्रावर शुद्धीतला माणूस हवा, हेही मालकांना पटत चाललं होतं.

झळ सर्वांत जास्त बायकांना. मताचा हक्क नाही, घर नवऱ्याच्या मिळकतीवर, आणि ती जायची गुत्त्यात. 1873 च्या डिसेंबरात ओहायोतल्या हिल्सबरो गावच्या बायका गुत्त्यांपुढे प्रार्थनेला बसल्या. पुढच्याच वर्षी देशव्यापी महिला संघटना उभी राहिली. तिने ठिकठिकाणी पिण्याच्या पाण्याची सोय केली. तहान लागली म्हणून कुणाला गुत्त्यात शिरायला नको! 1886 मध्ये अमेरिकेला गेलेल्या आपल्या पंडिता रमाबाईंनी या बायकांचं काम जवळून पाहिलं आणि 1889 च्या मराठी पुस्तकात त्याची ओळख करून दिली.

1920 मध्ये देशभर दारूबंदी आली. पिणं घटलं, पण चोरटा धंदा माजला; 1933 मध्ये ती उठवावी लागली. आज सक्ती नाही, तरी 2025 च्या गॅलप पाहणीत ‘आम्ही पितो’ म्हणणारे प्रौढ 54 टक्केच निघाले. 1939 पासूनचा हा नीचांक. ‘थोडी घेतली तर हृदयाला बरी’ हा समज ओसरलाय. बेताचं पिणंही वाईट, असं आता निम्म्याहून अधिक लोक म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2023 मध्ये सांगितलं, की निर्धोक असं मद्याचं प्रमाणच नाही.

आपल्या मूलगुणांत मद्यत्याग आहेच. पण बंगळूर-पुण्याला नोकरीला गेलेल्या लेकरांना ‘आपल्यात चालत नाही’ एवढ्यावर कसं थांबवणार? हाताशी पाणी, बरोबर चार न पिणारे सोबती आणि पटेल असं कारण, एवढं तरी त्यांच्याजवळ हवं. कारण सांगायचं काम, बायांनो, आपलंच आहे.