चीट आणि छींट

मराठीच्या तासाला मी एकदा फळ्यावर ‘लुगडे’ हा शब्द लिहिला. ‘आजीचे नऊवारी,’ असे पांढुर्ण्याच्या मुलांनी सांगितले. वडिलांच्या बदलीमुळे माळव्यातून आलेली एक मुलगी मात्र म्हणाली, ‘सर, लुगड़ा तो घाघरे के ऊपर ओढ़ते हैं.’ वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण तिचेही बरोबर होते.

शब्द एक, वस्त्रे दोन. याच्या उलटही घडले आहे. छापील सुती कापडाला आपण चीट म्हणतो, हिंदी माणूस छींट म्हणतो. इंग्रजांनी त्याचेच ‘चिंट्झ’ केले. रसेल व हिरालाल यांनी 1916 साली मध्यप्रांतातील जातिजमातींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात कापड छापणाऱ्या व रंगविणाऱ्या कारागिरांना उत्तरेकडील जिल्ह्यांत छीपा आणि मराठी मुलखात रंगारी किंवा भावसार म्हणत, अशी नोंद आहे. धंदा तोच, आलाच्या मुळ्यांचा तांबडा रंगही तोच. नावांची ही सीमा पांढुर्णा-सौंसरच्या उंबरठ्यावरून जाते.

आवड मात्र वेगळी होती. नऊवारीचा कासोटा घातला की मधले कापड चुण्यांत जाते आणि नजरेत भरतात ते विणलेले काठ-पदर. घाघऱ्याचा घेर पसरतो, म्हणून तिकडे छपाईला मान.

1869 साली कृत्रिम अलिझरीनचे पेटंट निघाले आणि पुढे आलाची शेती मोडली. 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरण्यांच्या स्वस्त कापडापुढे हातमाग आणि छपाईचे ठसे, दोन्ही मागे पडले. 1956 मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण मध्यप्रदेशात राहिलो. राजधानी बदलली, तरी लग्नाचा बस्ता नागपूरचाच राहिला. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. सौंसरही त्यातच आले.

आज आमच्या घरात आईचे नऊवारी पेटीत आहे. छिंदवाड्याकडची सून सीधा पल्ला घेते, मुलगी डाव्या खांद्यावर पदर. दोघींच्या साड्या एकाच दुकानातल्या, एकाच छापाच्या. कापडातला भेद मिटला, याचे दुःख नाही. पण त्याबरोबर शब्दही मिटत आहेत. या दिवाळीत घरातल्या म्हाताऱ्या बाईसमोर पेटी उघडा. एकेका वस्त्राचे नाव विचारा आणि मराठी-हिंदी दोन्ही नावे वहीत लिहून ठेवा. सांगणारी आहे तोवरच हे होईल.