तांब्यावरचा रस्ता

करकंबला आमच्या आळीतला रस्ता रुंद झाला, तेव्हा आजीची पडवी गेली. फोटो शोधायला गेलो, तर एकही नाही. लग्नाच्या फोटोंत माणसांमागे दिसते तेवढीच भिंत.

तेव्हापासून मोबाइलवर जुन्या रस्त्यांची चित्रं बघत बसतो. त्यातलं एक सोडवत नाही: जेम्स वेल्सचं, मुंबईच्या ‘ब्रीच’च्या बांधाचं. मुंबई आणि वरळीच्या मधून आत घुसणारा समुद्र या बांधाने अडवला. हॉर्नबी वेलार्ड तो हाच. आज हाजीअलीसमोर गाड्या तुंबतात तो रस्ता.

वेल्स स्कॉटलंडचा, १७९१मध्ये मुंबईत आला. हे चित्र एचिंग आहे. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, सुईने रेघा ओढायच्या, पत्रा आम्लात बुडवायचा. जिथे सुई फिरली तिथे आम्ल तांबं खातं. त्या खाचांत शाई भरून कागद दाबायचा. चूक झाली तर खोडरबर नाही!

पुढे पुण्यात त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस रंगवले. तिथे त्याच्या हाताखाली गंगाराम होता, आडनाव तांबट. (तांबं काही पाठ सोडत नाही.) १७९५मध्ये वेल्स वारला, मुंबईच्या बारा दृश्यांचा संच लंडनला निघाला १८००मध्ये. गंगारामची रेखाटनं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

आमच्या आळीकडे दोघांपैकी कुणी फिरकलं नाही. म्हणून परवा आजीला विचारून मीच वहीत पडवी काढायला घेतली. खांब चार होते की पाच, यावर तिचं आणि मामाचं अजून जुंपलेलं आहे.