सौरडागांवरून सूर्याच्या परिवलनाचे मापन
सूर्यबिंबावरील डागांच्या जागा रोज टिपून सूर्याची आस किती कललेली आहे आणि स्वतःभोवतीच्या एका फेरीला त्याला किती दिवस लागतात, हे काढण्याच्या भूमितीय पद्धती.

सूर्य फिरतो हे डागांवरून ओळखून योहानेस फाब्रिसिउस याने १६११ मध्ये छापले. डाग कडेजवळ चपटा दिसतो व तेथे हळू सरकतो, म्हणजे तो सूर्याच्या पृष्ठावरच आहे, असे गॅलिलिओने १६१३ मध्ये दाखवून दिले. क्रिस्टोफ शाइनरच्या ‘रोझा उर्सिना’त (१६३०) आसेचा कल सुमारे ७ अंश निघाला.

यातील सर्वांत देखणी पद्धत रुजेर बॉश्कोविच याची (१७३६, सविस्तर १७८५). डागाचे बिंबमध्यापासूनचे अंतर व बिंबाची त्रिज्या यांच्या गुणोत्तरावरून सपाट चित्रातला बिंदू गोलावर बसवता येतो. असे एकाच डागाचे तीन दिवसांचे तीन बिंदू घ्यायचे. डाग जागचा हलत नसेल, तर तिन्ही एकाच अक्षवृत्तावर असणार. तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते आणि त्यावरचा लंब आसेची दिशा देतो. मग दोन बिंदूंमध्ये आसेभोवती झालेला कोन व मधला वेळ यांवरून फेरीचा काल मिळतो. बिंदू फार जवळचे असले तर वाचनातल्या किरकोळ चुकीनेही आस बरीच ढळते. म्हणून अनेक त्रिकुटांची सरासरी घ्यावी लागते.

रिचर्ड कॅरिंग्टनने इंग्लंडमधील रेडहिल येथे १८५३ ते १८६१ या काळात निरीक्षणे केली. दुर्बीण स्थिर ठेवून पडद्यावर सूर्याची प्रतिमा घ्यायची आणि एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन तारांवरून बिंबाच्या कडा व डाग केव्हा जातात ते घड्याळावर टिपायचे, अशी त्याची रीत होती. या चिकाटीचे मोल बॉश्कोविचच्या युक्तीहून कमी नाही, कारण या चिकाटीमुळेच मूळ गृहीतक मोडले: सूर्य घट्ट गोळ्यासारखा फिरत नाही. विषुववृत्तावर फेरी सुमारे २५ दिवसांची, तर ३० अक्षांशावर साडेसव्वीस दिवसांची भरते. आसेचा कल त्याने ७.२५ अंश ठरवला, तर नाक्षत्र काल (ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेला फेरीचा काल) २५.३८ दिवस धरला. पृथ्वी त्याच दिशेने पुढे सरकत असल्याने हाच काल येथून सरासरी २७.२७५३ दिवस दिसतो. वेग अक्षांशाच्या ज्येच्या वर्गानुसार घटतो, हे सुटसुटीत सूत्र पुढे एर्व्हे फायने दिले.

९ नोव्हेंबर १८५३ पासून मोजलेले कॅरिंग्टनचे फेरीक्रमांक आजही वापरात आहेत. तमिळनाडूतील कोडईकनाल वेधशाळेत १९०४ पासून घेतलेल्या सूर्याच्या रोजच्या छायाचित्रांवरूनही अक्षांशागणिक बदलणारा हा वेग मोजला गेला आहे.