काटछाट : एका जोडशब्दाची कुळकथा

'काटछाट' हा जोडशब्द जवळजवळ समानार्थी अशा दोन क्रियांपासून बनला असून त्यातील 'काट'चे मूळ संस्कृतातील 'कृत्', म्हणजे कापणे, या धातूपर्यंत जाते. 'कर्तरी'पासून आलेली 'कात्री' ही याच कुळातील होय. मराठीत 'काटणे' एकटे क्वचितच येते, कारण नित्याच्या बोलण्यात त्याची जागा 'कापणे'ने घेतली आहे. तथापि लिहिलेल्या मजकुरावर 'काट मारणे' यासारख्या प्रयोगांत ते तग धरून आहे. 'छाटणे' मात्र शेतीत आजही चालते आणि द्राक्षबागायतदार एप्रिलमधील खरडछाटणी व ऑक्टोबरमधील फळछाटणी यांवरच वर्षाचा हिशेब बांधतो. हिंदीत 'छाँटना' म्हणजे कापणे आणि निवडणेही. मराठी 'छाटणे'त निवडीचा हा अर्थ नाही.

मजकुराच्या संदर्भात 'काटछाट' आणि 'संक्षेप' यांत भेद करणे आवश्यक आहे, कारण संक्षेपात आशय राहून विस्तार आटतो, तर काटछाटीत आशयाचाच एखादा भाग जातो. याचे बोलके मराठी उदाहरण झाशीशी निगडित आहे. वरसईचे भिक्षुक विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे गेले, १८५८ मध्ये ब्रिटिश सेनापती सर ह्यू रोज याने झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहरातच होते, आणि पुढे सुमारे पाव शतकाने त्यांनी हा वृत्तान्त मोडी लिपीत लिहून काढला. चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये तो 'माझा प्रवास' या नावाने छापला, तो काही मजकूर गाळून, काही बदलून आणि भाषेला छापील वळण देऊन. ब्रिटिश अमदानीत १८५७ विषयी जपून छापावे लागे, ही सबब काही अंशी मान्य करता येते. भिक्षुकाची बोली घासूनपुसून घेण्याला मात्र ती लागू पडत नाही, आणि खरी हानी तेथेच झाली, असे म्हणणे भाग आहे. दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये मूळ हस्तलिखितावरून पाठ सिद्ध करून छापला, तेव्हा गोडसे यांचे मूळ लेखन वाचकांपुढे आले. तरी त्याआधीची जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचकाला झाशीच्या वेढ्याची गोडसे यांची हकीकत छाटलेल्या पाठातूनच ठाऊक होती.